जुन्या लॅपटॉपला रॅम वाढवली, आठवडाभर चालला आणि पुन्हा स्क्रीन काळी: दोष नेमका कुठे?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा, आधीची रॅम ४ जीबी, तिच्या जोडीला आणखी ४ किंवा ८ जीबी घातली. पहिला आठवडा छान गेला. मग एके सकाळी पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. दुकानात नेला, रॅम काढून पुन्हा बसवली, चालू झाला. पंधरा दिवसांनी परत तेच, आणि मुंबईत जून उजाडला की हे पंधरा दिवस चारावर येतात.

रॅम काढून पुन्हा बसवणं ही दुरुस्ती नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. त्या एका कृतीत तीन वेगळ्या गोष्टी एकदम घडतात. स्लॉटमधल्या स्प्रिंगच्या पिना रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्या जातात आणि तिथला मळ थोडा खरवडला जातो. रॅमची मांडणी बदलल्याचं दिसल्यावर बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर, बऱ्याचदा जुन्या नोंदी सोडून रॅमशी नव्याने जुळवणी करतं. आणि स्टिक, म्हणजे रॅमची चपटी पाटी, मिलिमीटरच्या काही अंशाने वेगळ्या जागी बसते. यातल्या नेमक्या कशाने लॅपटॉप जागा झाला ते कळत नाही, म्हणून मूळ दोष तसाच राहतो आणि तक्रार फिरून येते. तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीन काळी दिसली की लगेच झाकण उघडू नका. आधी लक्षणं लिहून काढा.

लक्षणं काय सांगतात

नवी स्टिक घातल्यापासून लॅपटॉप एकदाही सुरू झाला नसेल, तर बहुधा रॅमचा प्रकारच चुकला आहे. पुसापुशीत वेळ घालवू नका, थेट पुढच्या भागावर जा.

सकाळी पहिल्यांदा सुरू होत नाही, चार-पाचदा बटण दाबल्यावर होतो आणि मग दिवसभर चालतो, तर संशय पिनांच्या संपर्कावर. उलट, सुरू नीट होतो पण अर्ध्या-पाऊण तासाने, हाताला गरम लागायला लागल्यावर हँग होतो, तर स्लॉटच्या डाखात (सोल्डरमध्ये) बारीक भेग असू शकते किंवा पंख्यात धूळ बसून आत उष्णता कोंडलेली असते. थंड असताना जुळलेला सांधा तापल्यावर प्रसरणाने सुटतो.

लॅपटॉप चालतो, पण निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट असे दरवेळी वेगळे शब्द असतात; मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचं सांगितलं जातं, तीच फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर मात्र उघडते. हे रॅममधल्या खराब पेशींचं किंवा दोन स्टिक एकमेकींशी न जुळल्याचं लक्षण आहे. आणि फक्त स्लीपमधून उठवतानाच अडकत असेल, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या, जेमतेम जुळणाऱ्या स्टिक हे कारण फार वेळा निघतं.

आवाज आणि दिवेही ऐका-पाहा. जुन्या डेल लॅपटॉपवर दोन बीप म्हणजे रॅम सापडलीच नाही, चार बीप म्हणजे रॅम सापडली पण वाचता-लिहिता येत नाही. हा फरक मोलाचा आहे, कारण पहिल्यात बहुतेकदा संपर्क असतो आणि दुसऱ्यात बहुतेकदा स्टिक. जुन्या एचपीवर कॅप्स लॉकचा दिवा तीनदा लुकलुकून थांबत असेल तर रॅम. मॅकबुक दर पाच सेकंदांनी एक टोन देत असेल तर रॅम दिसत नाही. तीन टोन, मग थांबा, पुन्हा तीन टोन, असं असेल तर रॅम दिसते पण चाचणीत नापास होते.

आधी रॅम तीच आहे का ते पाहा

नव्या स्टिकने बिघडलेल्या लॅपटॉपमध्ये सर्वांत मोठा गोंधळ डीडीआर३ आणि डीडीआर३एल या रॅमच्या दोन प्रकारांत होतो. दोन्हींना २०४ पिना, दोन्हींची खाच एकाच जागी, दोन्ही एकाच स्लॉटमध्ये अगदी नीट बसतात. फरक विजेचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. एल प्रकारची स्टिक १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून ती जुन्या मशीनला सहसा चालून जाते. उलटं होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच रॅम लागते. तिथे साधी डीडीआर३ घातली तर काळी स्क्रीन, किंवा त्याहून त्रासदायक म्हणजे कधी सुरू, कधी बंद. दुकानदाराने ‘डीडीआर३ आहे ना, चालेल’ म्हटलं तरी लेबल स्वतः वाचा. पीसी३ असेल तर साधी, पीसी३एल असेल तर एल. लेबलवर शंका असेल तर चिपवरचा नंबर पाहा: हायनिक्सच्या चिपवर एच५टीसीने सुरुवात असेल तर १.३५ व्होल्ट, एच५टीक्यूने असेल तर १.५. स्टिकर बदलता येतो, चिपवर कोरलेला नंबर बदलणं अवघड.

पिढी कशी ओळखायची? प्रोसेसरच्या नावात आय५ नंतर चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी: ३२१० म्हणजे तिसरी, ४२०० म्हणजे चौथी. तीनच आकडे असतील, जसं ४३० किंवा ५२०, तर पहिली पिढी. पहिल्या पिढीला ८०० किंवा १०६६ वेगाची डीडीआर३ लागते, एकूण मर्यादा ८ जीबी. दुसऱ्या पिढीला १३३३, तिसऱ्या-चौथ्याला १६००. लेबलवर हेच ८५००, १०६००, १२८०० अशा आकड्यांत लिहिलेलं असतं: १०६६ म्हणजे ८५००, १३३३ म्हणजे १०६००, १६०० म्हणजे १२८००. जास्त वेगाची स्टिक कमी वेगावर सहसा उतरते, त्यामुळे वेगामुळे मशीन साफ बंद पडणं कमी. सहाव्या पिढीत काही मॉडेलं डीडीआर३एलवर तर काही डीडीआर४वर आहेत, तिथे अंदाज करू नका. पण डीडीआर४च्या स्टिकला २६० पिना आणि खाच वेगळ्या जागी असल्यामुळे ती चुकीच्या स्लॉटमध्ये जातच नाही. जात नसेल तर जोर लावू नका, एवढंच.

आता एक बारकावा, जो दुकानात क्वचितच सांगितला जातो. कोअर टू ड्युओ या त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरच्या शेवटच्या काळातले आणि पहिल्या पिढीतले लॅपटॉप २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतात (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). म्हणजे ४ जीबीची स्टिक हवी असेल तर तिच्यावर १६ चिप हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. लेबलवर हे २आरएक्स८ असं लिहिलेलं असतं. हल्ली मिळणाऱ्या बऱ्याच ४ जीबी स्टिकवर ४ गिगाबिटच्या आठच चिप असतात, लेबलवर १आरएक्स८. अशी स्टिक या जुन्या मशीनमध्ये चालत नाही, आणि तीच स्टिक तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये बिनतक्रार चालते. मग दुकानदार म्हणतो ‘माझ्याकडे तर चालली’, ग्राहक म्हणतो ‘स्टिक खराब आहे’, आणि दोघेही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. सॅमसंगच्या चिपवर के४बी२जी असेल तर २ गिगाबिट, के४बी४जी असेल तर ४. वाचायला मोबाइलचा कॅमेरा झूम करा, डोळे ताणू नका.

तसंच डीडीआर३एलची १६ जीबीची एकच स्टिक चौथ्या पिढीत आणि तिच्या आधीच्या लॅपटॉपमध्ये चालत नाही. तिथे १६ जीबी करायचे तर ८ अधिक ८ हाच मार्ग.

कंपनीच्या कागदावर लिहिलेली मर्यादा आणि प्रोसेसरची खरी मर्यादा नेहमी सारखी नसते. थिंकपॅड एक्स२२० आणि मध्य-२०१२चा १३ इंची मॅकबुक प्रो, दोन्हींना कंपनीने ८ जीबी सांगितलं होतं, दोन्ही १६वर चालतात. उलट काही मॉडेलांत जागाच नसते: थिंकपॅड एक्स२४०ला एकच स्लॉट, तर टी४४०एसमध्ये ४ जीबी बोर्डावर डाखलेली आणि एकच स्लॉट, म्हणून कमाल १२. खरेदीपूर्वी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. उजवीकडे खाली किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. टी४२०, टी४३० यांसारख्या मॉडेलांत एक स्लॉट तळाच्या झाकणाखाली आणि दुसरा कीबोर्डखाली असतो. दुसरा दिसला नाही म्हणून तो नाहीच असं समजू नका.

काढताना आणि बसवताना

शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा. विंडोज ८पासून पुढे साधं शटडाउन हे बऱ्याचदा अर्धवट असतं. फास्ट स्टार्टअपसाठी चालू स्थितीचा काही भाग डिस्कवर ठेवला जातो, आणि रॅम बदलताना अशी जुनी स्थिती शिल्लक नसलेली बरी. चार्जर काढा. बॅटरी खालून निघणारी असेल तर काढा. आत बसवलेली असेल तर मागचं झाकण उघडल्यावर सर्वांत आधी तिचा कनेक्टर सोडवा, नंतरच रॅमला हात लावा. मग पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर साठलेली वीज उतरते. हे टाळून रॅम उपसली तर स्टिकसोबत बोर्डही जाऊ शकतो, आणि तो खर्च रॅमच्या कितीतरी पट असतो.

स्क्रू फिलिप्स शून्य नंबरच्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो कीबोर्डकडून वर टोचतो.

स्टिकच्या दोन्ही बाजूंचे धातूचे चिमटे एकाच वेळी बाहेर ढकला, स्टिक आपोआप वर उचलली जाते. कडांना धरून ओढा. बसवताना खाच जुळवा, साधारण २० ते ३० अंशांचा कोन ठेवा आणि आधी आत ढकला, नंतर खाली दाबा. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. तिरकी असतानाच ती पूर्ण आत गेली पाहिजे. सोनेरी पट्टीची जेमतेम रेघ दिसायला हवी. दोन मिलिमीटर सोनेरी भाग बाहेर असतानाही खाली दाबलं तर चिमटे टक् करून लागतात, लॅपटॉप सुरूही होतो, आणि लोकलमध्ये दोन-चार धक्के बसले की संपर्क तुटतो. ‘आठवडा चालला मग बंद’ या तक्रारींत हे कारण कायम वरच्या रांगेत असतं. चिमट्यांपैकी एक वाकलेला किंवा सैल असेल तर तेही पाहा. एका बाजूने धरलेली स्टिक हलत राहते.

पहिल्यांदा चालू केल्यावर घाई करू नका. नवी रॅम ओळखताना काही मशीन मिनिटभर काळी राहतात, एक-दोनदा आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतात. दोन मिनिटं थांबा. पाच सेकंदांत बटण दाबून बंद करत राहिलात तर ती जुळवणी कधी पूर्णच होणार नाही.

सोनेरी पट्ट्या साफ करणं, आणि खोडरबराचा प्रश्न

सोनं गंजत नाही, मग पट्ट्या काळ्या का पडतात? कारण सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. थराला सूक्ष्म छिद्रं असतात आणि पट्टीची कापलेली कड उघडीच असते. दमट हवा तिथून आत शिरते, खालचा धातू गंजतो आणि तो गंज वर पसरतो. माहीम, वरळी, वर्सोवा अशा समुद्राकाठच्या घरांत हवेतल्या मिठाचे कण त्यात भर घालतात. मीठ स्वतःच ओलावा धरून ठेवतं. याशिवाय रोजच्या तापण्या-निवण्याने आणि प्रवासातल्या थरथरीने पिना पट्टीवर कणाकणाने घासत राहतात आणि तिथे ऑक्साइडची बारीक पूड साचते. दोन्हींवर उपाय एकच: नीट साफसफाई.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत आयपीए म्हणून मागितलं की मिळतं. चष्मा पुसायचं मऊ, धागे न सोडणारं कापड त्यात भिजवून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा, म्हणजे कडेकडे. आडवं पुसलं तर धागे अडकतात. दोन्ही बाजू. कापडावर काळा-हिरवट डाग येणं थांबेपर्यंत. पाच-दहा मिनिटं वाळू द्या. हातांचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीनसारखे मागे थर सोडणारे पदार्थ असतात. थिनर आणि पेट्रोलही नको, प्लास्टिक खराब होतं.

खोडरबर घासणं ही दुकानातली जुनी सवय आहे आणि ती काम करते हे खरं. पण खोडरबर हा बारीक पॉलिश पेपरच आहे. प्रत्येक वेळी सोन्याचा थोडा थर नेतो. खालचं निकेल उघडं पडलं की पट्टी पूर्वीपेक्षा लवकर काळी पडते, म्हणजे उपायानेच पुढच्या तक्रारीची वेळ जवळ येते. अल्कोहोलने न निघणारा घट्ट डाग असेल तरच मऊ पांढरा खोडरबर, हलक्या हाताने दोन-तीन वेळा, आणि नंतर अल्कोहोलने पुसून घ्या, कारण खोडरबराचा कीस स्लॉटमध्ये गेला तर तो स्वतःच संपर्क अडवतो. निळा-लाल शाईचा खोडरबर मुळीच नको.

स्लॉटकडे बहुतेकजण पाहतच नाहीत. अर्धा दोष तिथेच असतो. आधी हवेचा फुगा किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. मग स्टिकच्या पट्ट्यांना अल्कोहोल लावून, ओली असतानाच चार-पाच वेळा आत-बाहेर करा. पिना आपोआप पुसल्या जातात. दरवेळी स्टिक बाहेर काढून पुसा. सुई किंवा टाचणी स्लॉटमध्ये घालू नका. एक पिन वाकली तर स्लॉट गेला. टॉर्चच्या उजेडात आडव्या नजरेने पाहा, सर्व पिना एका रांगेत दिसायला हव्यात.

रॅमवर कागदाची घडी ठेवून वरून झाकण आवळण्याची पद्धतही चालते. दाब दिल्यावर लॅपटॉप सुरू होतो, म्हणजे स्लॉटचा डाख किंवा पिनांचा ताण गेलाय, हे निदान म्हणून ठीक. कायमचं तसं ठेवणं चूक आहे. कागद उष्णता कोंडतो आणि सततचा दाब भेग वाढवतो.

स्टिक की स्लॉट: चार चाचण्या

साफसफाईनंतरही त्रास असेल तर अंदाज सोडा. जुन्या स्टिकला ‘अ’, नवीला ‘ब’ म्हणा. एका वेळी एकच स्टिक घाला: अ पहिल्या स्लॉटमध्ये, अ दुसऱ्यात, ब पहिल्यात, ब दुसऱ्यात. प्रत्येक वेळी सुरू होतो का, बायोसमध्ये पूर्ण रॅम दिसते का ते लिहा. ब दोन्ही स्लॉटमध्ये फसली आणि अ दोन्हीत चालली, तर स्टिकच खराब किंवा न जुळणारी. दोन्ही स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये फसल्या, तर दोष स्लॉटचा. चारही वेळा चालला आणि दोन्ही एकत्र घातल्यावरच अडतो, तर स्टिक एकमेकींशी जमत नाहीत; तिथे एकाच कंपनीच्या, एकाच लेबलच्या दोन स्टिकची जोडी हाच उत्तम मार्ग.

हा शेवटचा प्रकार वेगाच्या फरकाने कमी आणि आतल्या वेळांच्या नोंदींमुळे जास्त होतो. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या स्टिकच्या वेळा लिहिलेल्या असतात. बायोस दोन्ही वाचून दोघींना झेपेल अशी सर्वांत सावकाश वेळ निवडतो. जुन्या बायोसला नव्या स्टिकची नोंद नीट वाचता आली नाही तर निवड चुकते. म्हणून जुन्या रॅमवर चालू असतानाच बायोस अद्ययावत करून पाहावा, चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असताना. पावसात वीज जाते-येते अशा दिवशी हे काम हातात घेऊ नका. बायोस अर्धवट लिहिला गेला तर लॅपटॉप उघडणारच नाही.

चाचणीत सुरू होतो पण भरवसा नाही, तेव्हा मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून त्यावरून बूट करा. सहावी आवृत्ती युईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार असलेल्या मशीनवरही चालते. ८ जीबीच्या एका फेरीला तासाच्या आसपास किंवा जास्त लागतो, रात्री लावून किमान चार फेऱ्या होऊ द्या. निकाल वाचायचा नियम सोपा आहे: एकही चूक चालत नाही. ‘फक्त दोनच एरर आहेत’ म्हणून ती स्टिक ठेवू नका. त्या दोन जागी तुमच्या कामाची फाइल पडेल तेव्हा कळणारही नाही. चुका दिसल्यावर लगेच स्टिक फेकायचीही घाई नको. ती एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पुन्हा चाचणी करा. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक प्राथमिक चाळणीला बरं, पण ते पास झालं म्हणून सुटलो असं मानू नका.

स्लॉटच गेला असं वाटतं तेव्हा

पहिल्या पिढीपासून रॅमचं नियंत्रण प्रोसेसरच्याच आवरणात आहे. म्हणून एक स्लॉट अचानक रिकामा दिसायला लागला तर दोष स्लॉटऐवजी प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये असू शकतो. चौथ्या पिढीपर्यंतचे शेवटी एम असलेले बरेच प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेले असतात. हीट सिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू वाकडेतिकडे आवळले, किंवा पंखा साफ करताना प्रोसेसर किंचित उचलला गेला, तर नेमकी एका चॅनेलची, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या एका वाटेची, जोडणी सुटते. पंखा साफ करून आणल्यानंतर एक स्टिक दिसेनाशी झाली असेल तर आधी हेच तपासायला सांगा: प्रोसेसर काढून पुन्हा बसवणं, नवी पेस्ट, स्क्रू आकड्यांच्या क्रमाने थोडेथोडे आवळणं. नावाच्या शेवटी यू असलेले प्रोसेसर बोर्डावर डाखलेले असतात, तिथे हा मार्ग नाही.

डाख खरोखर तुटला असेल तर स्लॉट बदलणं हे हॉट एअरवर, म्हणजे गरम हवेने डाख वितळवायच्या यंत्रावर, सराव असलेल्या माणसाचं काम आहे. जुन्या लॅपटॉपसाठी तो खर्च करण्यापेक्षा चालू स्लॉटमध्ये ८ जीबीची एकच स्टिक घालणं बहुतेकांना पुरतं. दुहेरी चॅनेल जातो, त्याचा फटका मुख्यतः प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला बसतो. ब्राउझर, टायपिंग, मीटिंग यांत तो फारसा जाणवत नाही.

सुरू होतो, पण रॅम कमी दिसते

८ जीबी घातली आणि ३ ते ३.५ जीबीच वापरात दिसते, तर विंडोज ३२ बिटचं आहे. ६४ बिटचं घातल्याशिवाय इलाज नाही. ६४ बिट असूनही निम्मीच दिसत असेल तर सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडा, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि मॅक्सिमम मेमरीची खूण काढा. ‘वेग वाढवण्याच्या युक्त्या’ वाचून ती कुणीतरी लावलेली असते. विंडोज ७ होम बेसिकची ६४ बिट आवृत्ती ८ जीबीच्या पुढे जात नाही, होम प्रीमियम १६च्या. थोडीशी कमी दिसणं दोष नव्हे. ग्राफिक्स आपला वाटा राखून ठेवतं.

आणि रॅम पूर्ण दिसूनही लॅपटॉप रखडतच असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना पाहा. तो १०० टक्क्यांवर अडकलेला असेल तर जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घाला. तिथे आणखी रॅम ओतून उपयोग नाही.

पावसाळ्यातली काळजी

मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास. ऑफिसचा एसी २२-२३वर असेल तर तिथून निघालेला लॅपटॉप बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असतो. गारेगार बाटली टेबलावर ठेवली की घाम फुटतो, तसं पाणी बोर्डावर धरतं. घरी पोचल्यावर तो तासभर बंद बॅगेतच राहू द्या, मगच उघडून चालू करा. बॅगेत शटडाउन करून ठेवा, स्लीपवर नव्हे. महिना-महिना पडून राहणारा लॅपटॉप आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. आतली ऊब ओलावा बाहेर काढते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि रंग बदलला की पुड्या बदला.

लॅमिंग्टन रोडला जाताना

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, जुनी डीडीआर३ अजून मिळते. बरीचशी दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली. काढलेली रॅम वाईट नसते. तिच्यात वाईट निघायचं ते आधीच्या मालकाकडेच निघून गेलेलं असतं, फक्त पट्ट्या पाहून घ्या: पिनांच्या रेघा एकसारख्या हव्यात, काळसर किंवा तांबूस ठिपके नकोत. जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो, लॅपटॉपच्या तळाच्या मॉडेल नंबरचा फोटो आणि शक्य तर लॅपटॉपच सोबत न्या. दुकानात बायोसची पहिली स्क्रीन दिसली एवढ्यावर परतू नका. दोन्ही स्टिक एकत्र घालून विंडोज पूर्ण उघडा, एकदा स्लीपला टाकून उठवा, पूर्ण बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. बिलावर ‘रॅम ८ जीबी’ एवढंच नको; स्टिकवरचा सीरियल नंबर आणि ‘मशीनला न जमल्यास सात दिवसांत बदलून’ हे शब्द लिहून घ्या, म्हणजे रात्री मेमटेस्टमध्ये एरर आली तर दुसऱ्या दिवशी बोलायला आधार राहतो.